पळाली म्हणतात

हुडको, भिलाई
११ जून २०२३

निशा,

वर 'चि. सौ.' लिहायचे की नाही या विचारात चहा थंड झाला. शेवटी नुसते नाव लिहिले. काय लिहायला पाहिजे होते ते तूच ठरव. ठरवायचे काम आता तू आपल्या हातात घेतलेच आहेस.

फोन करत नाही, कारण तुझा नवरा राजकुमार माझा फोन रोज पाहतो. तुझा नंबर त्याने काढून टाकला आहे. तुझा गोंदियाचा पत्ता माझ्या प्लांटमधल्या भैय्याजीच्या भाच्याने आणून दिला. तो तुझ्या भावाच्या, सुमंतच्याच रेल्वे क्वार्टरच्या लाइनीत राहतो. सुमंतला सांग, मी भांडायला लिहीत नाही. विचारायला लिहितो.

असे जातात का कोणी? मे महिन्याच्या भर दुपारी, सडक तव्यासारखी तापलेली, तुझी चप्पल दारात, उर्वीची चप्पल दारात. परातीत मळलेली कणीक, तिच्यावर ओले फडकेसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत ती वाळून दगड झाली. मीच फेकली. सिलेंडर सकाळीच संपला होता म्हणून तू हीटर काढून ठेवला होतास, तो तसाच ओट्यावर. नंतर तीन दिवस सिलेंडर आला नाही. हीटरला हात लावायची मला भीती वाटते, त्याची कॉइल उघडी आहे. तीन दिवस शेजारच्या तुळसाबाईकडून चहा आला आणि चहाबरोबर तिचे बोलणेही आले.

"काहो भाऊजी, सून पळाली म्हन्ते तुमची?"

मी म्हटले, माहेरी गेली आहे.

"माहेरी कोनी अनवानी जाते का? मी पाह्यलं ना माह्या डोयानं. पोरीले वढत पळत होती थे."

आमच्या घराण्यात बायका मेल्या, आजारी पडल्या, बाळंतपणात गेल्या. पळाली कोणी नाही. आता दूधवाला, किराणावाला, सेक्टर १० मधले माझे जुने ओळखीचे, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आहे. पळाली. कानाला गरम शिसे लागावे तसा लागतो.

राजकुमार म्हणतो, काही भांडण नव्हते. मी पुढच्या खोलीत टीव्ही लावून बसलो होतो, मी काही ऐकले नाही. मग मी काय सांगू लोकांना?

उर्वीच्या शाळेचे काय केलेस? तिला दूध पचत नाही, सुमंतच्या बायकोला सांगून ठेव. उत्तर भैय्याजीच्या मरोद्याच्या पत्त्यावर पाठव. इथे पाठवू नको.

शेषराव

४ जुलै २०२३

निशा,

उत्तर नाही. ठीक आहे. म्हाताऱ्याला उत्तर द्यायला काय अडले आहे!

इथे मी रात्री उठून रेग्युलेटर तपासतो. बंद असतो, तरी पुन्हा तपासतो. बीपीची गोळी सकाळची की रात्रीची यात गोंधळ होतो. तू डब्यांवर लाल-निळे कागद चिकटवले होतेस, ते निघून आले. तुझ्या नवऱ्याला सांगितले तर म्हणतो, "दोन्ही खाऊन घ्या, का फरक पडते?"

परवा मरोद्याला भैय्याजीकडे गेलो. तुझी चिठ्ठी आली का बघायला गेलो होतो, असे समजू नको. त्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले म्हणून गेलो. तो खाटेवर पाय लांब करून बसला होता. बोलता बोलता माझ्या तोंडून निघाले, सून पळाली तेव्हापासून घरात मन लागत नाही. तर तो चवताळलाच.

"का म्हनला बे? पळाली?"

"सारेच म्हनतात."

"सारे म्हनतील. तू कावून म्हनून राहिला? आपन दोघं किती वर्षं गॅस गँगमंदी होतो? कोनी कोनाले 'भागा' म्हनल्याचं आठवते का तुले?"

तुला ठाऊक आहे, माझी नोकरी प्लांटच्या गॅस सेफ्टीत गेली. भट्टीचा गॅस दिसत नाही आणि त्याला वासही नाही. माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही. म्हणून नाकावर भरवसा ठेवायचा नाही. मीटर वाजला की ज्याच्या आधी लक्षात येईल त्याने ओरडायचे, "गॅस!" आणि मग थांबायचे नाही. डबा नाही, चप्पल नाही, चष्मा नाही, साहेबाला विचारणे नाही. हाताला माणूस लागला तर ओढायचा, सामान लागले तर सोडायचे. वाऱ्याला आडवे निघायचे आणि ठरलेल्या खांबाजवळ जाऊन उभे राहायचे. तिथे डोकी मोजायची. फोरमन नाव घ्यायचा आणि आपण म्हणायचे, "निकला." अमुक निकला? निकला. तमुक निकला? निकला. खोटा भोंगा असला तरी कोणी हसायचे नाही. भैय्याजीचे म्हणणे खरे आहे. भागा हा शब्द तिथे नव्हताच. जो आत राहिला त्याचीच चिंता असायची.

पण मी त्याला म्हटले, घर काही प्लांट नाही.

तर म्हणतो, "नाही ना! तुया घरी तं सनई वाजत होती."

मी चहा अर्धा टाकून उठलो. गुडघा दुखतो म्हणून त्याला काही बोललो नाही.

आणि एक सांगतो. उर्वीला मी तो गॅसचा खेळ शिकवला, तेव्हा तूच म्हणायचीस, "बाबा, पोरीले काय खूळ लावून दिलं?" मी "गॅस!" म्हणायचो आणि ती हातातली बाहुली टाकून फाटकाबाहेरच्या विजेच्या खांबाशी धावायची. वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघून वारा कुठला ते ओळखायची. सात वर्षांची पोरगी! मग तिथून ओरडायची, "आई निकली? आजोबा निकले?" तू पोळी लाटता लाटता आतूनच "निकली ग बाई" म्हणायचीस, तर ती रुसायची. "ऐसे नहीं, खंबे के पास आना पड़ता है!"

आता त्या खांबाला तुळसाबाई आपली शेळी बांधते.

शेषराव

२० सप्टेंबर २०२३

निशा,

तुझी चिठ्ठी भैय्याजीने दिली. त्याने ती उघडली नव्हती, पण त्याचे तोंड उघडल्यासारखेच होते.

एवढे महिने वाट पाहायला लावून तू चार ओळी लिहिल्यास. त्यातली पहिली ही: "बाबा, तुम्हीच तर हाक दिली होती."

नीट ऐक. मी हाक दिली नाही. मला स्वयंपाकघरातून गॅसचा वास आला, म्हणून मी ओरडलो. रबराची नळी जुनी झाली होती, ती बदला म्हणून मी राजकुमारला दिवाळीपासून सांगत होतो. ज्याची नोकरी गॅसमध्ये गेली त्याला वास आला तर तो ओरडणारच. त्याचा तू असा अर्थ काढावास आणि पोरीला घेऊन चालती व्हावेस, हे तुझ्या डोक्यातले आहे, माझ्या नाही. टीव्ही लावला होता हे मी आधी लिहिले तेही खरे आहे. टीव्ही चालू असताना वास येत नाही का?

राजकुमार पण हेच म्हणतो. मी ओरडलो तेव्हा तो स्वयंपाकघरात बघायला गेला. लहानपणापासून सवय आहे त्याला, बाप गॅस म्हणाला की आधी जाऊन बघायचे. परत आला तर तुम्ही दोघी नाही. "बुढ्ढा सठिया गया," असे तो त्या दिवशी कितीदा म्हणाला. म्हणू दे.

आता कामाचे. त्याने उर्वीच्या ताब्यासाठी दुर्गच्या कोर्टात अर्ज दिला आहे. तुला कागद आला असेल. वकील शामसुंदर म्हणून आहे. परवा घरी आला, माझ्याच खुर्चीवर बसला. अर्जातले वाक्य त्याने मला वाचून दाखवले, कारण मला बारीक अक्षर दिसत नाही. "बिना किसी कारण के, अचानक, बच्ची को लेकर घर से भाग गई."

मग म्हणाला, "बाबूजी, आप घर के बुज़ुर्ग हैं। जज साहब आपकी सुनेंगे। आपको बस इतना बोलना है, कोई झगड़ा नहीं था, बहू अचानक भाग गई। बाकी मैं देख लूँगा।"

मी विचारले, "'भाग गई' ही लिखना पड़ेगा?"

"क्यों, और क्या बोलेंगे इसको?"

राजकुमार माझ्याकडे बघत होता. मी म्हटले, काही नाही, वाटले म्हणून विचारले.

वकील हसला. "बाबूजी, 'चली गई' में कोई दम नहीं है। चली तो आदमी मंदिर भी जाता है। 'भाग गई' बोलिए, बच्ची घर आ जाएगी।"

बघ, असे आहे. एका शब्दावर पोरगी या घरात परत येईल. तुला वाटत असेल म्हातारा एकटा पडला म्हणून खुश होईल. तिच्याशिवाय मला करमत नाही हे खरेच आहे. मी खोटे कशाला बोलू?

शेषराव

१४ डिसेंबर २०२३

निशा,

तुझे दुसरे पत्र मिळाले. तुला वकिलाची गरज नाही, तूच वकील हो. "बाबा, सिलेंडर त्या दिवशी सकाळीच संपला होता. तुम्हीच बुकिंगसाठी फोन केला. वास कशाचा आला?"

हे मीच तुला पहिल्या पत्रात लिहून पाठवले होते, तेही तू दाखवून दिलेस. बरे केलेस. सातवी शिकलेल्या माणसाने पत्रे लिहू नयेत, एका पत्रात काय लिहिले ते दुसऱ्या पत्रात आठवत नाही.

रिकाम्या सिलेंडरलाही वास येतो. थोडा येतो.

तू आणखी एक विचारलेस. राजकुमार हे सगळे कुठे शिकला? याचे उत्तर मी देणार नाही. तुझी सासू अंजनाबाई असती तर तिने दिले असते, किंवा तिनेही दिले नसते. ती फाटकापर्यंत कितीदा गेली आणि फाटकातून परत आली, ते मला ठाऊक आहे. तिला कोणी हाक दिली नाही. हाक देणारा दुसरा माणूसच नव्हता घरात. एवढ्यावर समजून घे आणि पुन्हा विचारू नको.

तू गेल्यावर मधल्या खोलीतल्या सोफ्याखालून काचा निघाल्या. हिरव्या बांगड्यांच्या. झाडू मारायची मला सवय नाही, त्यामुळे किती तरी दिवस निघत राहिल्या. परवासुद्धा एक टाचेत गेली.

राजकुमार, माझा राजू, आजकाल फार गोड वागतो. मला स्वेटर आणला. साखर तपासायला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेला आणि डॉक्टरला म्हणाला, "बाबूजी का ध्यान रखना, डॉक्टर साहब, मेरे पास यही एक हैं।" मला रडू आले. मग वाटले, तारीख जवळ आली म्हणून आहे. मग वाटले, नाही, पोरगा खरेच एकटा पडला आहे. रात्री पिऊन येतो तेव्हा उर्वीच्या पलंगावर झोपतो, पाय बाहेर लटकलेले असतात. मी त्याच्या अंगावर पांघरूण टाकतो. तुला हे वाचून राग येईल. येऊ दे. तो तुझा फक्त नवरा आहे, तुला त्याला सोडता आले.

१९ जानेवारीला माझी साक्ष आहे. शामसुंदर वकील रविवारी येऊन माझ्याकडून पाठ करून घेतो. पोरांकडून पाढे म्हणून घेतात तसे. "कोई झगड़ा था?" नहीं. "मारपीट?" नहीं. "बहू कैसे गई?" इथे मी दर वेळी अडतो. तो म्हणतो, "भाग गई, बाबूजी, भाग गई। दो शब्द नहीं याद रहते?"

मी त्या दिवशी काय सांगणार ते तुला आत्ता सांगत नाही. आशा धरू नको आणि सोडूही नको. मला ताप येऊन कोर्टात जाणे रद्द झाले तर सगळ्यांचेच बरे होईल, पण ताप असा मागून येत नाही.

शेषराव

२३ जानेवारी २०२४

निशा,

तू समोर होतीस, तरी लिहितो. मी तुझ्याकडे पाहिले नाही. तू पदर तोंडाला लावून खाली बघत होतीस आणि मी हळू बोलतो. जजबाईंनीच दोनदा सांगितले, बाबा, जोर से बोलिए. तेव्हा तू सगळे ऐकले नसशील.

शामसुंदर वकिलाने विचारले, झगड़ा था? मी म्हटले, तुमचे प्रश्न मला पाठ आहेत, पण मला गॅसचे सांगायचे आहे. तो म्हणाला, बाबूजी की उम्र हो गई है, मैडम. जजबाई म्हणाल्या, बोलने दीजिए.

मी सांगितले की मी पुढच्या खोलीत होतो. टीव्ही लावला होता, आवाज मीच मोठा केला होता. नेहमी करतो. पण त्या दिवशी मधल्या खोलीत उर्वी तुमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून, आईच्या पुढे. मला दारातून तिची पाठ दिसत होती आणि राजूचा वर गेलेला हात दिसत होता. तो हात खाली कुठे येणार होता ते मला कळले. त्याला कळले होते की नाही, देव जाणे.

जजबाईंनी विचारले, "तब आपने क्या किया?"

"मी ओरडलो, गॅस."

"गैस लीक थी?"

राजू भिंतीला टेकून बसला होता, माझ्या नव्या स्वेटरकडे बघत होता. मी म्हटले, "नहीं मैडम. सिलेंडर खाली था. गैस नहीं थी. मेरा बेटा था."

मग शामसुंदर वकील उठला आणि म्हणाला, कुछ भी हो, बहू भागी तो सही. तेव्हा मात्र माझा आवाज चढला, तो तू ऐकलाच असशील. मी म्हटले, "भागी नहीं, साहब. निकली. हम लोग इसको निकलना बोलते हैं. अलार्म के बाद जो बाहर आता है उसको भागा हुआ नहीं बोलते. मैंने बोला, इसलिए निकली."

जजबाईंनी ते लिहून घेतले. कोणता शब्द लिहिला ते मला दिसले नाही.

बाहेर व्हरांड्यात तू माझ्या पाया पडलीस आणि म्हणालीस, "बाबा, गाडी साडेचारची आहे. आमच्यासंग चला. आता त्या घरात नका राहू." सुमंतने माझी पिशवीही हातात घेतली. मी ती ओढून घेतली आणि राजूच्या स्कूटरवर जाऊन बसलो. तुला वाईट वाटले असेल. मला तुझ्याशी बोलायचेच नव्हते. मी तुझ्यासाठी काही केले असे मनात आणू नको. तुझ्यामुळे मला माझ्या पोराला चारचौघांत नागडे करावे लागले आणि हे मी तुला माफ करणार नाही. तुझा दोष नाही, तरी करणार नाही.

दुर्गहून हुडकोपर्यंत राजूने स्कूटर कुठेच थांबवली नाही. मी मागे बसून त्याला धरले होते. धरू की नको असे झाले होते, पण पडलो असतो. घरी आल्यावर त्याने स्कूटर उभी केली आणि म्हणाला, "बाबा, तुमी मले मारून टाकलं." मोठ्याने नाही. लहानपणी ताप असताना पाणी मागायचा, त्या आवाजात.

तेव्हापासून बोलत नाही. माझे ताट वाढून ठेवतो, पण माझ्यासमोर जेवत नाही. काल रात्री भिंतीवर काही तरी आपटले. मी उठून बसलो, गेलो नाही. आज सकाळी पाहिले, तुझा हीटर होता.

भैय्याजी म्हणतो, "निंग तिथून, शेषराव. तूच हाक देल्ली अन् तूच आत बसून राहिला? कोन्त्या गँगमंदी शिकला हे?" त्याचे बरोबर आहे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला दूरच्या कुठल्या कारखान्याची गोष्ट सांगायचे. एक जण आत पडला, त्याला काढायला दुसरा मास्क न लावता गेला, त्याच्यासाठी तिसरा. ते सांगून साहेब विचारायचे, इसमें गलती किसकी? आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, दूसरे की.

मला नियम पाठ आहे, निशा. पण आत जो आहे तो मीच आणलेला आहे. आणि आत राहूनही मला आता फार वर्षे झाली. बाहेरची हवा मानवेल असे वाटत नाही.

तू लिहिले होतेस की उर्वी अजून विचारते, आजोबा निकले का. त्या दिवशी ती खांबाजवळून हलायला तयार नव्हती, मोजणी पूर्ण झाली नाही म्हणून रडत होती, आणि तू तिला उचलून नेलेस. हे मला तुळसाबाईने कधीच सांगितले होते. मी तुला लिहिले नाही. फाटकाच्या आतून मी तिला पाहत होतो, हेही लिहिले नाही.

कोर्टाने काहीही ठरवले तरी तू या घरी येऊ नको. माझ्या मरणालाही नको. लोक पळाली म्हणतात, म्हणोत. तुझ्या चपला आणि तिच्या, दोन्ही जोड भैय्याजीच्या भाच्याबरोबर पाठवतो आहे. तिच्या तिला आता लहान झाल्या असतील.

आणि उर्वीला सांग, फोरमनची सगळी नावे घेऊन झाली. आई निकली, उर्वी निकली. मोजणी पूर्ण आहे. आता तिने खांबाकडे बघत बसू नये.

शेषराव